आर्गिरोबाईंच्या स्वयंपाकघराला पडदा

पेत्रालोनात जेवायला कुठं जावं, असं अथेन्सच्या दुसऱ्या टोकाहून आलेल्या कुणी विचारलं की आमची माणसं त्यालाच उलट विचारतात, जेवायचंय की नुसतं बसायचंय? बसायचं असेल तर चौकात चिक्कार जागा पडल्यात. दारात जेवणाचे रंगीत फोटो लावलेत, एक तरणाबांड पोरगा तुम्हाला हाताला धरून आत ओढतो, खुर्च्यांना गाद्यासुद्धा आहेत. तिथं जा, गादीवर बसा आणि फोटो खा. जेवायचं असेल तर मात्र आर्गिरोबाईंकडे जायचं.

बाईंच्या खाणावळीवरची पाटी इतकी काजळलीय की तिच्यावरचं नाव आता कुणाला वाचता येत नाही, आणि वाचून करायचंय काय. दोन पायऱ्या उतरायच्या, बाईंचा नवरा प्रोद्रोमोस पिंपातून वाइन काढत असतो त्याला हाक घालायची आणि खुर्चीकडे ढुंकूनही न बघता थेट स्वयंपाकघरात घुसायचं. शेगडीवर पातेली असतात. बाई एकेकाचं झाकण उचलतात. आपण डोकावायचं, वास घ्यायचा, टोपलीतला पावाचा तुकडा मोडून रश्शात कडेला बुडवायचा, चाखायचा आणि मग काय ते सांगायचं. जो पातेलं दाखवत नाही त्याच्याकडे जेवायचं नाही, हे आमच्याकडे पोराला बोलता यायला लागलं की शिकवतात.

"काय आहे आज?" बसचा ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला लिकुर्गोस रोज हेच विचारायचा.

"डोळ्यांत काय बटणं बसवलीत? झाकण उघड आणि बघ," बाई म्हणायच्या.

"मसूर पातळ झालाय."

"तुझी अक्कल पातळ झालीय. बस जाऊन, पाठवते."

मग तो तोच मसूर दोनदा मागून खायचा. ही त्यांची बोलायची रीत होती. कुणी एखाद्या दिवशी नुसतं "छान झालंय" म्हटलं असतं तर बाईंनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

बाई मूळच्या अमोर्गोस बेटावरच्या. तरुणपणी लग्न होऊन या तळघरात आल्या तेव्हा त्यांना मासळी भाजण्यापलीकडे काही येत नव्हतं. शिकवलं ते सासूनं. म्हातारी एफ्थालिया तुर्कस्तानातल्या स्मिर्नाहून निर्वासित होऊन आलेल्या घरातली. तिच्या माणसांनी येताना भांडंसुद्धा आणलं नव्हतं, आणली ती फक्त जीभ, असं ती म्हणायची. ती माप सांगायची नाही. बाईंनी विचारलं, "आई, जिरं किती?" तर ती म्हणायची, "पुरेल इतकं." मग चमचा बाईंच्या तोंडात कोंबायची. "कळलं?" नाही म्हटलं की पुन्हा चमचा. असं कित्येक महिने चाललं आणि एके दिवशी बाईंनी न विचारता जिरं टाकलं, म्हातारीनं चाखलं, चमचा धुवून जागेवर ठेवला आणि ती बाहेर जाऊन खुर्चीवर बसली. त्यानंतर मरेपर्यंत तिनं पळी हातात धरली नाही. बाईंनी ती शेगडी चाळीस वर्षं सांभाळली.

तर अशा बाईंना मागच्या हिवाळ्याच्या तोंडाला ताप आला. फार काही नाही, सगळ्या गल्लीलाच आला होता. आठवडाभर त्या अंथरुणात होत्या. बऱ्या झाल्या, कंबर कसून खाली आल्या, हरभरे शिजत घातले, झाकण उचललं आणि तशाच उभ्या राहिल्या. वाफ तोंडावर आली, चष्म्यावर पाणी धरलं, पण वास आला नाही. त्यांनी लसूण ठेचून नाकाला लावला. लिंबू कापून चोखलं तर जिभेला नुसतं ओलं आणि गार लागलं. कॉफी म्हणजे गरम पाणी.

डॉक्टर म्हणाला, ताप कधीकधी जाताना असं करून जातो. परत येईल, न येईल, सांगता येत नाही, थांबा. वर हसून म्हणाला, "काळजी करू नका, याच्यानं कुणी मरत नाही." बाईंना त्याचं ते हसू फार दिवस टोचत राहिलं. याला काय सांगायचं, की बाबा, माझ्यात जे काही आहे ते सगळं या जिभेवर उभं आहे.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. गाणाऱ्याचा गळा बसला तर लोक फुलं घेऊन भेटायला जातात. स्वयंपाकिणीची जीभ गेली तर लोक खाणावळ बदलतात. बाईंनी ठरवलं, हाताला सगळं येतं, डोळ्याला सगळं दिसतं, रेटू. आणि रेटलं की हो. मीठ चिमटीच्या सवयीनं पडायचं, कांदा रंगावरून कळायचा, हरभरा दोन बोटांत दाबून. काही आठवडे कुणाला पत्ता लागला नाही. पण चाखायला पातेल्याभोवती माणसं जमली की बाईंची नजर त्यांच्या तोंडाकडे लागायची. कुणी चावता चावता थांबलं की त्यांच्या हातातली पळीही थांबायची.

मग ते झालंच. समोरची थेओपिस्ती आली. ही सगळ्या गल्लीचे कपडे शिवणारी शिंपीण, तोंडाची फटकळ. तिनं खिमा भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्यांच्या अंडं-लिंबाच्या रश्शात पाव बुडवला, चाखला आणि काही बोलली नाही. थेओपिस्ती काही बोलली नाही म्हणजे विचार करा. तिनं हळूच झाकण लावलं, "आज पोट बरं नाही, नुसती उकडलेली भाजी दे," म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली. तिला बाईंचं मन मोडायचं नव्हतं. बाईंना मात्र ती शिवी देऊन गेली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वयंपाकघराच्या दाराला पडदा लावला. निळ्या चौकटींचा, घरातल्या जुन्या मेजपोशाचा. बाहेर भिंतीवर एक कागद डकवला, त्यावर पदार्थांची नावं. लोकांनी कागद वाचावा, प्रोद्रोमोसला सांगावं, तो ताट आणेल.

"हे काय?" प्रोद्रोमोस म्हणाला.

"स्वच्छता. हल्ली सगळीकडे असंच असतं."

"सगळीकडे असेल. इथं लोक म्हणतील, ही काहीतरी लपवतेय."

"म्हणू देत."

"आर्गिरो, माझ्या आईच्या दाराला तू पडदा लावलास?"

"तुझ्या आईला माझ्यासारखे गुडघे नव्हते. प्रत्येकासाठी झाकण उचलून माझे हात मोडले," बाई म्हणाल्या आणि पडद्याआड गेल्या. हात आणि गुडघे यांचा काय संबंध, हे त्यालाही कळलं नाही आणि त्यांनाही सांगता आलं नसतं.

पडदा लावला तो तोंड लपवायला, आणि झालं भलतंच. आमच्याकडे खाणावळीला पडदा म्हणजे आत शिळं आहे, नाहीतर विकतचं आणून गरम करतात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मांस शिळं असतं म्हणालं, आठवड्यानं ते कुणीतरी स्वतः बघितलेलंही निघालं. माणसं दोन पायऱ्या उतरायची, कागद बघायची आणि "घरून बोलावणं आलंय" म्हणून परत चढायची. प्रोद्रोमोस वाइनचे पेले पुन्हा पुन्हा पुसत बसायचा. लिकुर्गोस यायचा, पण दारातच घुटमळायचा, कागदावर बोट ठेवायचा, गुमान खायचा आणि जायचा. बाई पडद्याआडून त्याचं ताट परत येताना बघायच्या. त्यात अर्धं उरलेलं असायचं.

ईस्टरपूर्वीच्या लांब उपवासाआधी आमच्याकडे तो गुरुवार येतो. त्या दिवशी सगळं अथेन्स रस्त्यावर शेगड्या मांडतं आणि मांस भाजतं. चरबी निखाऱ्यावर पडते, धूर होतो, आणि त्या धुराचा वास घेणं हाच तो सण. उपाशी माणूसही त्या दिवशी वासावर जेवतो म्हणतात. आर्गिरोबाई दारात उभ्या होत्या. गल्ली धुरानं पांढरी झाली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पोरं मुखवटे घालून नाचत होती, थेओपिस्ती दारातून ओरडून कुणाला तरी चॉप्स उलटायला सांगत होती. बाईंनी डोळे मिटून खोल श्वास घेतला. नुसती हवा आत गेली. सगळी वस्ती एका घरात बसून जेवतेय आणि आपण एकट्या दाराबाहेर आहोत असं त्यांना वाटलं. रडल्या असतील तर धुरात कुणाला कळलं नाही.

त्या रात्री त्या नवऱ्याला म्हणाल्या, "सोमवारपासून मांस बंद, तेव्हा आपणही बंद करू. परत उघडायचं नाही. मी थकले."

प्रोद्रोमोसनं दिवा मालवला. त्याला वाटलं, आपल्याला कंटाळली, आईच्या या तळघराला कंटाळली. बिचारा रात्रभर कूस बदलत राहिला.

शनिवार उजाडला. मांस शिजवायचा शेवटचा शनिवार, आणि शनिवारी एफ्थालियाच्या वेळेपासून स्मिर्नाचे मुटके असायचे. खिमा, वाइनमध्ये भिजवलेला पाव, लसूण आणि जिरं. बोटासारखे लांबट वळायचे, तळायचे आणि टोमॅटोच्या रसात सोडायचे. पेत्रालोनातली माणसं या मुटक्यांसाठी लग्नाच्या तारखा बदलतात. पहिला घाणा पातेल्यात पडला होता, दुसऱ्याचा खिमा परातीत मळून तयार होता. बाईंच्या मनात होतं, एवढा शेवटचा शनिवार नीट जाऊ दे.

लिकुर्गोस आला. कागदापुढे उभा राहिला. मग म्हणाला, "प्रोद्रोमोस, मी इथं वाचायला येत नाही. वाचायचं असतं तर शाळेत गेलो असतो." आणि पडदा बाजूला सारून आत गेला.

"बाहेर हो," बाई म्हणाल्या.

"होतो. आधी झाकण काढ."

"लिकुर्गोस, मी सांगतेय, बाहेर हो."

त्यानं स्वतःच झाकण काढलं. पाव मोडला, रसात बुडवला, त्याच तुकड्यानं अर्धा मुटका उचलून तोंडात घातला. बाई पदराला, म्हणजे एप्रनला, हात पुसत राहिल्या, हात कोरडे झाले तरी. लिकुर्गोसनं सावकाश चावलं, गिळलं.

"जिरं कुठंय?" तो म्हणाला.

"घातलंय."

"नाही घातलंयस."

"घातलंय म्हणते ना. चाळीस वर्षं घालतेय तेवढंच घातलंय."

"मग हे काय खातोय मी? तूच चाख."

त्यानं पाव पुढं केला. बाईंनी तो घेतला, तोंडात घातला, चावला. मऊ होतं, गरम होतं. लिकुर्गोस त्यांच्या तोंडाकडे बघत होता. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. पण एवढे दिवस सांभाळलेलं एकदम निसटलं.

"मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "तापापासून मला काही कळत नाही. वास नाही, चव नाही. हे मांस आहे की स्पंज, मला सांगता येणार नाही. झालं समाधान?"

लिकुर्गोसनं जन्मभर बस चालवली, वाटेत आडव्या येणाऱ्या प्रत्येकाला शिव्या दिल्या. आता मात्र तो कांद्याच्या खोक्यावर खाली बसला. मग उठला, जिऱ्याचा डबा उघडला, नाकाशी नेला.

"हे मेलंय," तो म्हणाला. "याला वासच नाही. भुसा आहे नुसता. तू बरोबरच घातलंस, जिरंच मेलेलं आहे."

बाईंनी डबा हातात घेतला. हात चुकला नव्हता. पण जिरं जिवंत आहे की मेलं, हे हाताला कसं कळणार? त्याला नाकच लागतं. म्हणजे यापुढे रोजच काही ना काही असं होणार. त्यांनी शेगडी बंद करायला हात पुढं केला.

"हां, थांब," लिकुर्गोस म्हणाला आणि बाहेर जाऊन बोंब ठोकली. थेओपिस्ती आली. तिच्या मागोमाग चाव्या बनवणारा आनेस्तिस आला. त्याचं दुकान पलीकडेच, आणि लिकुर्गोसशी त्याचं हाडवैर. ही तिघं चेंडूच्या खेळावर भांडायची, निवडणुकीवर भांडायची, पाऊस पडेल की नाही यावरही भांडायची. लिकुर्गोसनं त्यांना कारण सांगितलं नाही. नुसतं म्हणाला, "चाखा आणि काय कमी आहे ते सांगा."

"जिरं," थेओपिस्ती म्हणाली.

"जिरं," आनेस्तिस म्हणाला, आणि लिकुर्गोसशी आपलं एकमत झालं हे लक्षात येऊन जरा वरमला.

थेओपिस्तीनं बाईंकडे बघितलं. मग डब्याकडे, मग पडद्याकडे. तिला सांगावं लागलं नाही. कोबीच्या त्या गुंडाळ्या तिला आठवल्या असणार. "अगं बये," ती म्हणाली, "मी मेले होते का? मला सांगायचं होतंस." आणि रस्ता ओलांडून तिनं आपल्या घरातलं जिरं आणलं.

ते भाजलं, कुटलं. बाईंनी परातीतल्या खिम्यात थोडं टाकलं, मळलं, एक छोटा मुटका वळून तळला आणि तिघांत मोडून दिला. तिघं चावू लागली. तिघांनी एकाच वेळी मान हलवली, नाही. बाईंनी आणखी टाकलं, आणखी एक तळला. अजून नाही. पण आता थेओपिस्ती म्हणाली, "लसूण पुढं आलाय," आणि आनेस्तिस म्हणाला, "वाइन थोडी," आणि लिकुर्गोस म्हणाला, "हो, वाइन." बाईंनी वाइनचा शिपका दिला, चिमूटभर जिरं टाकलं, मळलं, तळलं.

तिसऱ्या वेळी तिघं चावता चावता थांबली. लिकुर्गोसचे डोळे मिटले. आनेस्तिसनं भिंतीला हात टेकला. थेओपिस्तीच्या फटकळ तोंडाचा कोपरा थरथरला. आणि बाईंनी ती तोंडं ओळखली. जिभेवर काही नव्हतं, पण त्या तीन तोंडांवर त्यांनी तो मुटका स्पष्ट बघितला, जिऱ्यासकट, लसणासकट. शनिवारचं जेवताना ही माणसं अशी दिसतात, हे त्या चाळीस वर्षं न बघता बघत आल्या होत्या.

म्हातारीनं जे माप कधी उच्चारलं नाही, जे आपल्या एकटीच्या तोंडात आहे आणि तिथंच मेलं असं त्यांना वाटत होतं, ते या तिघांच्या तोंडात होतं. नुसतं या तिघांच्या नव्हे. रोज पाव बुडवून चाखून गेलेल्या प्रत्येकाच्या. त्यांनी झाकणं उचलली आणि वस्तीच्या तोंडात ते चमच्या-चमच्यानं भरत गेल्या, आणि वस्तीनं काही न बोलता ते सांभाळून ठेवलं. एवढं मोठं काहीतरी आपल्या हातून झालं आणि आपल्याला पत्ताही नव्हता.

दारात प्रोद्रोमोस उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"तू म्हणाला असतास, बंद करू, आराम कर."

"म्हणालो असतो," त्यानं कबूल केलं. मग बाईंनी चवथा मुटका तळून पुढं केला, तो त्यानं घेतला. हा माणूस जन्मात कधी जेवणावर बोलला नव्हता, आई होती तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्यानं चावला आणि म्हणाला, "आई." एवढंच म्हणाला आणि वाइन काढायला निघून गेला.

दुसरा घाणा पडला. थेओपिस्तीनं गल्लीत काय सांगितलं देव जाणे, पण दुपारपर्यंत पायऱ्यांवर रांग लागली. माणसं आली, खुर्चीकडे न बघता सरळ आत घुसली. पडदा कुणाच्या तरी खांद्याला अडकून खाली आला आणि लोकांच्या पायाखाली गेला. प्रत्येकानं पाव बुडवला. "मीठ?" बाई प्रत्येकाला विचारत होत्या, चेहऱ्याकडे बघत. "बरोबर?" आणि माणसं पहिल्यांदाच तोंड वेडंवाकडं न करता, टोमणा न मारता, नीट उत्तर देत होती.

"मसूर पातळ झालाय," लिकुर्गोस मात्र म्हणाला.

"खरंच?"

तो गडबडला. त्याच्या बोलण्यावर आता बाई विसंबणार होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खरं बोलणं भाग पडलं. "नाही," तो म्हणाला. "चांगला झालाय. फार चांगला झालाय."

गर्दी ओसरल्यावर थेओपिस्तीनं बाईंना बाहेर ओढून मेजाशी बसवलं आणि समोर मुटक्यांचं ताट ठेवलं. तापापासून बाई उभ्या उभ्या दोन घास पोटात ढकलायच्या, तेही चक्कर येऊ नये म्हणून. गळ्याची हाडं वर आली होती. समोर लिकुर्गोस, आनेस्तिस आणि थेओपिस्ती जेवत होती, नेहमीसारखी भांडत, एकमेकांच्या ताटातलं उचलत. बाईंनी एक घास घेतला. काही लागलं नाही. त्यांनी त्या तिघांच्या तोंडाकडे बघितलं आणि दुसरा घेतला. मग तिसरा. बघत बघत त्यांनी सगळं ताट संपवलं, पावानं रस पुसून घेतला आणि प्रोद्रोमोसला म्हणाल्या, "अजून दोन वाढ."